सासूबाईंची खाडावही आणि साथीचा हिशोब

पेठेतली_सून (धागाकर्ती)

दिवाळीआधी माळा काढला तेव्हा पितळी डब्यांखाली सासूबाईंची खाडावही सापडली. ज्यांनी कधी पेठेत मेसवर दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ. मुलगा गावी जाणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, मग तेवढ्या दिवसांचा 'खाडा' धरून पैसे पुढच्या महिन्यात वळते करायचे. आमच्याकडे सलग तीन दिवसांखालचा खाडा धरत नसत. त्यावरून झालेल्या भांडणांवर स्वतंत्र धागा निघेल.

मार्च २०२० च्या पानावर ६४ नावं आहेत. बहुतेक एमपीएससीवाले. नावापुढे गाव लिहिलंय, परभणी, बीड, धुळे, सांगोला, कारण नुसते राहुलच पाच होते. ९ मार्चला कोरोनाचे राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले. त्या आठवड्यात खाडे चार-पाच, म्हणजे नेहमीसारखेच. १६ तारखेला एकोणीस. २० तारखेला एक्कावन्न. २१ तारखेला सासूबाईंनी फुल्या मारायचं सोडून अख्ख्या पानावर एक तिरकी रेघ ओढली आहे. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २४ ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारापासून लागू. म्हणजे आमची मेस सरकारने बंद केलीच नाही. ती त्याआधीच रिकामी झाली होती.

दर तेव्हा दोन वेळचे महिना २,४०० रुपये. गुणाकार केला तर दीड लाखाच्या वर जातो, पण वाणसामान, भाजी, गॅस, जागेचं भाडं, पोळ्यांना तीन बायका आणि भांड्यांना एक, हे सगळं जाऊन हाती पंचवीस-सत्तावीस हजार उरायचे. त्यात मार्च-एप्रिल म्हणजे वर्षाचा गहू भरायचा मोसम. गव्हाचा विसार देऊन झाला होता. मुलांनी उरलेल्या दहा दिवसांचे पैसे मागितले. ज्यांनी मागितले त्यांना सासूबाईंनी परत केले. ज्यांनी मागितले नाहीत त्यांची नावं मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत, 'येतील तेव्हा वळते' म्हणून. तेवीस नावं. त्यांतले सहा परत आले.

३१ ऑगस्टला बातम्यांत सांगितलं की एप्रिल ते जून या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला. सासूबाई टीव्हीसमोर मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "त्यात आपली मेस धरली का गं?" मी म्हटलं, "हो, असणारच." मी बँकेत नोकरी करते, पण खरं सांगायचं तर मला उत्तर ठाऊक नव्हतं.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. अशा साथीत आपल्यासारख्या देशाचं नुकसान मोजतात कसं, आणि मोजणीतून कोण निसटतं? अनुभवही लिहा. राजकारण नको.

खडूस_काका

लेखन छान. पण साथ आली, नुकसान झालं, सगळ्या जगाचं झालं. यात 'आपल्यासारखा देश' कुठून आला? इंग्लंड-अमेरिकेतही हॉटेलं बंदच होती. आणि 'राजकारण नको' म्हणून काढलेल्या धाग्यात दहाव्या प्रतिसादाला राजकारणच असतं. मोजत बसतो.

आकडेमोड

काका, हॉटेलं दोन्हीकडे बंद होती, पण तिथल्या आणि इथल्या वेटरमध्ये फरक होता. इंग्लंडमध्ये घरी बसलेल्या माणसाला सरकारने पगाराच्या ८० टक्के दिले, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत. देता आले, कारण त्याचं नाव कुठल्या तरी पगारपत्रकावर होतं. अमेरिकेत २०२० मध्ये माणशी १,२०० डॉलरचा पहिला चेक गेला, कर भरल्याच्या नोंदीवरून. आपल्याकडे दहातले नऊ कामकरी असंघटित. त्यांचं पगारपत्रकच नाही. मग ज्या याद्या हाताशी होत्या त्या वापरल्या: जनधन खात्याच्या बायकांना ५०० रुपये, तीन महिने. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट, सुमारे ८० कोटी लोकांना. धान्याने माणसं तगली, यात मला शंका नाही. पण २० लाख कोटींच्या पॅकेजमध्ये हातात पडणारा पैसा थोडा आणि कर्ज, कर्जाची हमी, बँकांना मोकळीक हेच जास्त.

आता ताईंचा प्रश्न. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात जे विचारलं ते आम्ही वर्गात दोन तास शिकवतो.

तिमाही आकडा काढायला सरकारकडे वेळ असतो दोन महिने. तेवढ्यात हाती येतं ते म्हणजे मोठ्या कंपन्यांचे निकाल, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक, करवसुली, सिमेंट-पोलादाचा खप, रेल्वेची मालवाहतूक. मेसवाले, टपरीवाले, शिवणयंत्रावर ब्लाउज शिवणाऱ्या बायका यांचा तिमाही निकाल कुठे छापून येत नाही. म्हणून अशा बऱ्याच धंद्यांचं असं धरतात की संघटित भाग जसा हलला तसाच हाही हलला असेल. एरवी ते खपून जातं. साथीत नेमकं हेच गृहीतक कोसळतं. समजा ताईंच्या मेसची गिऱ्हाइकं ॲपवरून मागवणाऱ्या साखळी हॉटेलाकडे गेली. हॉटेलाची विक्री वाढली, ती दिसली. मेसची बुडाली, ती दिसली नाही. उलट हॉटेल वाढलं म्हणून मेसही वाढली असं कागदावर लागू शकतं!

तेव्हा सासूबाईंना सांगा: मेस धरली, पण तिचा चेहरा दुसऱ्याचा होता.

असंघटित धंद्यांची घरोघर जाऊन मोठी पाहणी २०१५-१६ मध्ये झाली. शेती सोडून अशा धंद्यांत तेव्हा ११ कोटींवर माणसं होती. २०२१-२२ च्या पाहणीत आकडा ९.७९ कोटी. २०२२-२३ मध्ये १०.९६ कोटी. सात वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली आणि हा आकडा होता तिथेसुद्धा पोचला नाही.

खडूस_काका

आकडेमोड सर, इथे मी तुम्हाला पकडणार. २०१५-१६ ते २०२१-२२ च्या मध्ये ८ नोव्हेंबर २०१६ आहे आणि १ जुलै २०१७ पण आहे. नोटाबंदी, जीएसटी आणि कोरोना तिघांनी मिळून मारलं आणि पंचनामा एकट्या कोरोनाच्या नावावर?

(हे राजकारण नाही. तारखा आहेत.)

आकडेमोड

पकडलंत. तिघांचा वाटा वेगळा करता येत नाही, कारण मधल्या वर्षांत मोजलंच नाही. पण एक आकडा दरवर्षीच्या पाहणीतला आहे आणि तो साथीच्या ऐन काळाचा आहे. देशातल्या कामकऱ्यांत शेतीवर असलेल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. २०१९-२० मध्ये ४५.६ झाला, २०२०-२१ मध्ये ४६.५. कित्येक वर्षं तो खाली येत होता. माणसं शेतीतून कारखान्यात, दुकानात, ऑफिसात जातात त्यालाच आपण विकास म्हणतो. इथे माणसं परत वावरात गेली. त्या एप्रिल-जूनमध्ये बांधकाम ५० टक्क्यांनी आपटलं, शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. वर्तमानपत्रांनी 'शेतीने तारलं' असे मथळे दिले. तारलं म्हणजे काय, दोन एकरांत आधी तिघं राबायचे, आता सहा जण राबायला लागले. भाकरी तीच.

भोसरी_लेथ

माझं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र), अकरा माणसं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचा मी व्हेंडर. म्हणजे गाडी विकली गेली की आठवड्यानंतर मला कळतं, नाही विकली गेली की दुसऱ्या दिवशी.

२९ मार्चला केंद्राचा आदेश आला की टाळेबंदीतही कामगारांना पूर्ण पगार द्या. मनातून पटत होतं. ती माणसं माझ्या हाताखाली तयार झालेली. एप्रिलचा पूर्ण दिला. मेचा अर्धा दिला. १७ मेनंतर तो आदेश उरला नाही, आणि १२ जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालक-कामगारांनी आपसात बसून मिटवा. आपसात बसायला माणसं होती कुठे? सहा जण बिहारला गेली होती. दोघं चालत निघाले होते. नगर रोडवर वाघोलीच्या पुढे त्यांना मी गाडीने गाठलं आणि परत आणलं. आठ दिवसांनी श्रमिक रेल्वेत नंबर लागला तेव्हा गेले. औरंगाबादजवळ रुळावर झोपलेली १६ माणसं मालगाडीखाली गेली ती बातमी ८ मेची. त्या दिवशी मी जेवलो नाही.

हप्त्यांचं सांगतो, कारण याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत दिली. लोकांना वाटलं माफी. सीएनसीचं ९ लाख कर्ज होतं, ११ टक्क्यांनी. सहा महिन्यांचं व्याज पन्नास हजारांच्या आसपास मुद्दलात चढलं. पुढे ओरड झाली म्हणून 'व्याजावरचं व्याज' सरकारने परत केलं. माझ्या खात्यात अकराशे आणि वर काही रुपये आले. मेसेज बघून हसू आलं. मग सरकारी हमीवालं कर्ज घेतलं, आधीच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के, तारण नाही. त्यातून वरच्या व्हेंडरकडचं अडकलेलं पेमेंट येईपर्यंत तग धरला. एरवी नव्वद दिवसांनी यायचं ते पेमेंट त्या वर्षी दीडशे दिवसांनी आलं. माझी उधारी मीच बँकेकडून व्याजाने घेत होतो असं म्हणा. पण कर्ज मिळालं म्हणून शटर उघडं राहिलं, हेही खरं. शेजारच्या गाळ्यातला माझ्याहून हुशार कारागीर होता. त्याचं बँकेत कर्जच नव्हतं, सगळं रोखीत. ज्याचं आधीचं कर्ज नाही त्याला २० टक्के कशाचे? त्याने लेथ भंगारात घातलं.

जुन्नरी_कोंबडीवाला

ताई, 'सरकारने बंद करायच्या आधीच रिकामी झाली' हे वाक्य दोनदा वाचलं. आमचं तर त्याच्याही आधी झालं. फेब्रुवारी २०२०. महाराष्ट्रात एक रुग्ण नव्हता. व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की चिकन खाल्ल्याने कोरोना होतो. पंधरा दिवसांत शेडवरचा भाव दहा रुपये किलोपर्यंत आला. एक किलो कोंबडी तयार करायला सत्तर-पंच्याहत्तर खर्च. पक्षी ठेवला तर रोज खातो, विकला तर गाडीभाडं सुटत नाही. मी चारशे पक्षी गावात फुकट वाटले. लोक फुकटही घेईनात, हो! लांबून बघायचे. काहींनी खड्डे खणून पुरले.

आणि मे-जूनमध्ये भाव चढले तेव्हा शेडमध्ये पक्षी नव्हते, कारण पिल्लं टाकायला पैसे नव्हते. मक्यावाले शेतकरी आमच्यामुळे मेले ते वेगळंच. आमच्या नुकसानीत विषाणूचा हात शून्य. एकालाही सर्दीसुद्धा झाली नव्हती.

कसब्याचा_नातू

कोंबडीवाले, तुमच्यासारखंच १९९४ मध्ये एका अख्ख्या शहराचं झालं होतं. बीडच्या मामला गावात ऑगस्टमध्ये गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा गाजावाजा. माणसं दगावली पन्नासच्या आसपास. आणि सुरत सोडून काही दिवसांत लाखो लोक पळाले. हिरे घासायच्या घंट्या (चकत्या) थांबल्या, माग थांबले. आखाती देशांनी विमानं बंद केली, भारतीय माल परत पाठवला. नुकसानीचे अंदाज अब्ज डॉलरच्या वर आहेत. बळींच्या संख्येशी या नुकसानीचं काही प्रमाणच लागत नाही.

पुण्याला १८९७ मध्ये काय झालं ते शाळेत शिकलोय: रँड, घरझडत्या, २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई प्लेगचे रुग्ण सांभाळताना गेल्या. पण इंग्रज एवढे कडक का वागले, यात व्यापार होता हे कुणी शिकवत नाही. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग निघाल्यावर युरोपातली बंदरं हिंदुस्थानचा माल अडवायला लागली. १८९७ मध्ये व्हेनिसला त्यावर परिषद भरली. साथ आटोक्यात आहे असं दाखवणं सरकारला भाग होतं, त्यासाठी फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला. तोच कायदा २०२० मध्ये आपल्यावर लागू केला. एकशे तेवीस वर्षांचा!

अजून एक गंमत. मुंबईहून गिरणी कामगार घाबरून कोकणात, देशावर निघून गेले. गिरण्यांना माणूस मिळेना. एरवी गिरणीवाले महिन्याचा पगार महिना उलटून गेल्यावर द्यायचे. म्हणजे कामगाराचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. प्लेगात कामगार म्हणाले, उद्याचं कुणी बघितलंय, रोजचे रोज द्या. आणि मालकांना द्यावे लागले. साथीत मजुराचा हात वर राहिला असं ते एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

खडूस_काका

नातूसाहेब, माहितीबद्दल धन्यवाद. रोजच्या रोजचं माहीत नव्हतं.

आकडेमोड

नातू, दुसरं उदाहरण १९१८ च्या मानमोडीचं देतो, तिथे मात्र हात वर राहिला नाही. इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं नेली. १९११ ते १९२१ हे लोकसंख्या घटलेलं आपलं एकमेव दशक, म्हणून भूगोलाच्या पुस्तकात १९२१ ला महाविभाजक वर्ष म्हणतात. त्यात १९१८ चा पाऊसही दडी मारून बसला. पुढे थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने (१९७९ चं नोबेल) याच साथीचा पुरावा म्हणून वापर केला. तेव्हा असं मानत की गरीब देशांच्या शेतीत माणसं फालतू भरलेली आहेत, काढून घेतली तरी पीक कमी होणार नाही. शुल्ट्झ म्हणाला, मग साथीनंतर पेरा का घटला? अमर्त्य सेन यांनी त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, तो वाद लांबचा आहे. मला त्यातलं एवढंच खुपतं की आपली मेलेली माणसं हा तिकडच्या वादाचा प्रयोग झाला.

परतलेला_हिशेबनीस

बरेच दिवस नुसता वाचक आहे. हा धागा बघून लिहावंसं वाटलं, कारण मी एक साथ पुण्यात काढली आणि एक त्याआधी लायबेरियात. २०१४ मध्ये मन्रोव्हियात एका व्यापारी पेढीवर हिशेब बघत होतो. तांदूळ, सिमेंट, टोमॅटोची पेस्ट. तिथे तांदूळ बाहेरून येतो आणि भात नसेल तर माणूस 'आज जेवलो नाही' म्हणतो.

इबोलाचं मूळ गिनीतल्या एका खेड्यात, डिसेंबर २०१३. लायबेरियात ऑगस्ट २०१४ मध्ये आणीबाणी लागली. शाळा बंद, सीमा बंद, रात्रीची संचारबंदी. ब्रिटिश एअरवेज थांबली. ब्रुसेल्स आणि मोरोक्कोची विमानं चालू राहिली, नाहीतर आम्ही पूर्ण अडकलो असतो. प्रत्येक दुकानाच्या दारात नळ लावलेली बादली, त्यात क्लोरीनचं पाणी. अजून पोहण्याच्या तलावाजवळून गेलो की मला मन्रोव्हिया आठवतं. २० ऑगस्टला वेस्ट पॉइंट नावाची समुद्राकाठची अख्खी वस्ती सैन्याने काटेरी तारांनी बंद केली. मासळी विकून रोजचं रोज खाणारी माणसं. गोळीबार झाला, पंधरा वर्षांचा मुलगा गेला. दहा दिवसांनी तारा काढल्या. २०२० मध्ये भवानी पेठेत पत्रे ठोकलेले बघितले तेव्हा मला तीच वस्ती दिसली, फक्त आपल्याकडे दूध-भाजी आत जात होती.

गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तिन्ही देशांत मिळून रुग्ण २८,६०० च्या वर, मृत्यू ११,३०० च्या वर. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या २०१५ मध्ये तिन्ही देशांचं उत्पन्न २.२ अब्ज डॉलरनी बुडालं. लायबेरियाची वाढ २०१३ मध्ये ८.७ टक्के होती, २०१४ मध्ये ०.७, त्यापुढच्या वर्षी शून्य. पण काकांचा नोटाबंदीचा मुद्दा तिथेही लागू आहे. २०१४ मध्येच लोहखनिजाचा जागतिक भाव जवळजवळ अर्ध्यावर आला. सिएरा लिओनचं उत्पन्न २०१५ मध्ये सुमारे पाचव्या हिश्श्याने घटलं ते मुख्यतः खाणी बंद पडल्यामुळे. साथ कधी एकटी येत नाही हो.

मी हिशेबनीस, म्हणून मला आकड्यांपेक्षा चोपड्यांतलं आठवतं. तिथल्या बाजारातल्या बायका 'सुसू' लावतात. तंतोतंत आपली भिशी. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, पाळीने एकीने उचलायची. त्यावरच माल भरायचा. साथीत आधी जमायला बंदी आली, मग ज्यांची पाळी झाली होती त्या पैसे टाकेनात, मग सुसू मोडली. बाजार उघडला तेव्हा भांडवल नव्हतं. शेतीतही तेच. भातकापणीला आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबायची तिथे पद्धत आहे, 'कू' म्हणतात. आपल्याकडचं इर्जिक म्हणा, सावड म्हणा. पंधरा-वीस जणांनी एका शेतात जमायला घाबरायचं म्हटल्यावर कू बंद. पीक उभं होतं, कापायला हात नव्हते. भिशीला खातं नाही आणि सावडीला मजुरीची पावती नाही, तेव्हा या दोन्हींचं मोडणं कुठल्याच जीडीपीत येत नाही. येतो तो त्याचा उशिरा झालेला परिणाम.

आणखी एक. लायबेरियातले डॉक्टर, नर्स, सुइणी धरून दर शंभरातले आठ इबोलात गेले. आधीच मोजके होते. नंतर बाळंतपणं कुणी केली असतील, लहान मुलांना लशी कुणी टोचल्या असतील?

पूर्वपरीक्षार्थी

आमच्या बाजूनेही लिहितो. मी ताईंच्या मेसचा नाही, पण पलीकडच्याच गल्लीतला. कॉटबेसिसवर २,००० भाडं, मेस, अभ्यासिका, मिळून साडेपाच हजार घरून यायचे. वडील सालगडी होते. ५ एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा पुढे गेली, मग परत पुढे गेली, मग परत. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना पुन्हा पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत मीही होतो. शेवटी २१ मार्चला झाली.

खोलीचा मालक चार महिन्यांचं भाडं मागत होता. पुस्तकांची पेटी त्याच्याकडे अडकली. त्याचंही चुकलं म्हणत नाही, त्याचं घर त्या सहा कॉटांवर चालायचं. मी गावी सोयाबीन काढायला गेलो, म्हणजे सरांच्या त्या ४६.५ टक्क्यांत मी आहे. वयाची मर्यादा उलटलेल्यांना शासनाने एक जादा संधी दिली, पण घरच्यांचा धीर वाढवून द्यायची सोय शासनाकडे नव्हती. बहिणीचं लग्न बारावीनंतर करायचं होतं, ते दहावीनंतर झालं. मांडवाचा खर्च वाचतोय, पन्नास माणसांत उरकतंय, म्हणून. आता मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे.

ओल्या_काजूची_उसळ

वाचनखूण साठवली. बहिणीचं वाचून पुढे काही सुचलं नाही.

खडूस_काका

बाळ, तुझा प्रतिसाद वाचला. मी केंद्र सरकारचा निवृत्त माणूस. पूर्ण टाळेबंदीत माझी पेन्शन दर महिन्याच्या शेवटी न चुकता आली. महागाई भत्ता दीड वर्ष गोठवला होता, त्यावरून मी याच संस्थळावर तीन पानी धागा काढला होता. आज तो शोधून बघितला. ११२ प्रतिसाद आहेत. असो.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. नोटाबंदीसाठी जुना धागा उपलब्ध आहे, कृपया तिकडे लिहावे.

भोसरी_लेथ

काका, दहाव्याच्या आत नाही झालं, पण झालं :)

रिक्षा_स्वारगेट

एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने परवानाधारक रिक्षावाल्यांना १,५०० रुपये दिले. मला मिळाले, तक्रार नाही. पण स्टँडवर दहातल्या चौघांचा परवाना मालकाच्या नावावर, हे भाड्याने चालवणारे. मालकाला १,५०० आले, चालवणाऱ्याला काही नाही. दिवसाचं भाडं मात्र मालकाला द्यायचंच. आता यात कुणाची चूक?

पेठेतली_सून

इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आकडेमोड सरांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. 'चेहरा दुसऱ्याचा' वर म्हणाल्या, "म्हणजे धरली नाही असं सरळ म्हणा की."

रिक्षावाल्या दादांनी लिहिलं तेच आमच्या बायकांचं झालं. त्याच वेळी नोंदणीकृत घरेलू कामगारांनाही १,५०० जाहीर झाले होते. आमच्या तिघी पोळ्यावाल्या ना घरेलू, ना नोंदणीकृत. मेस म्हणजे घर नाही आणि दुकानही नाही. एकीचं रेशनकार्ड गावाकडे, माढ्याला. ती मे २०२० मध्ये मुलांना घेऊन तिकडे गेली ती धान्यासाठीच. सासूबाईंनी त्यांना एप्रिल-मेचे निम्मे पैसे दिले. त्यासाठी दोन पाटल्या ठेवल्या होत्या. मीच माझ्या बँकेत फॉर्म भरला. ऑगस्टमध्ये नियम बदलला, सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायला लागलं, तेव्हा आमच्या शाखेत बायकांची रांग लागली होती. त्या तिमाहीत आमच्या शाखेने सोनेतारणाचं टार्गेट दीडपट पूर्ण केलं आणि आम्हाला पेढे मिळाले. ते पेढे मी घरी आणले नाहीत.

हिशेबनीस दादा, सासूबाईंची भिशीही मोडली होती. त्यांची पाळी जूनमध्ये होती.

आकडेमोड

ताई, ती वही रद्दीत देऊ नका. एखाद्या संस्थेच्या संग्रहात ठेवता येईल. मी विचारून सांगतो.

परतलेला_हिशेबनीस

+१. आणि मागचं पान वेगळं स्कॅन करून ठेवा.

जुन्नरी_कोंबडीवाला

ताई, अवांतर. मेस परत चालू आहे का? दर काय आता? पुतण्या येतोय जूनमध्ये क्लासला. आणि पोळ्यावाल्या बायका त्याच आहेत का?

पेठेतली_सून

कोंबडीवाले दादा, जून २०२२ मध्ये वीस-बावीस मुलांवर परत सुरू केली, आता चाळीसच्या आसपास आहेत. दर ३,४००, रविवारी एकच वेळ. खाड्याचा नियम तोच. पुतण्याला आधीच सांगून ठेवा.

बायकांपैकी एक आली. माढ्याची आली नाही, ती तिकडेच मजुरीला जाते. तिसरी आता मंडईच्या मागच्या बाजूला कोथिंबीर-मिरच्या घेऊन बसते. सासूबाई स्वतः तिला बोलवायला गेल्या होत्या, पगार दीडपट देते म्हणून. ती म्हणाली, येते, पण महिन्याचं नको, रोज संध्याकाळी हातात द्या. सासूबाईंना ते जमेना, त्यांची वही महिन्याची आहे. परत आल्या आणि त्या दिवशीच्या पोळ्या आम्ही दोघींनी लाटल्या.